टेलिफोन यंत्रणा नव्या डेटा सेंटरमध्ये हलवल्यानंतर पुन्हा पुन्हा येणारे बिघाड : आधी घड्याळ पाहा

शनिवारी रात्री अकरा वाजता टेलिफोनचा सर्व्हर, म्हणजे सर्व शाखांचे कॉल इंटरनेटवरून जोडणारा संगणक, नव्या डेटा सेंटरमधून सुरू झाला, पहाटे दोनपर्यंत चाचणीचे सगळे कॉल व्यवस्थित लागले आणि रविवार शांततेत गेला. सोमवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मात्र हिंगणा एमआयडीसीतील शाखेचे सर्व फोन एकाच वेळी बंद पडले. दहा मिनिटांनी ते आपोआप सुरू झाले, दोन मिनिटे चालले आणि पुन्हा बंद पडले. वर्धा रोडवरील मुख्य कार्यालय आणि कळमन्याचे गोदाम यांना काहीही झाले नव्हते. शाखेचे इंटरनेट उत्तम चालत होते, संगणकांवर काम सुरू होते, आणि तरीही फोन नव्हते.

ज्या कंपनीचे हे काम मी करत होतो, तिचा सर्व्हर पूर्वी मुख्य कार्यालयातल्याच एका खोलीत होता. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीचा एसी दरवर्षी एकदा तरी दगा देत असे, म्हणून सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हलवण्याचा निर्णय झाला. साधारण १८० एक्स्टेंशन, तीन शाखा आणि ०७१२ ने सुरू होणारे जुने क्रमांक असा हा पसारा होता. स्थलांतरानंतर फोन काही काळ बंद राहणे सर्वांनी गृहीत धरलेले असते. चालू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडणारे फोन मात्र कोणाच्याच धीराला झेपत नाहीत, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

त्या दिवशी मला वाट दाखवली ती हिंगण्याच्या स्वागतकक्षातील बाईंनी. मी फोन केल्यावर त्या म्हणाल्या, "सर, मी वेळा लिहून ठेवल्या आहेत," आणि त्यांनी कुरिअरच्या पावतीमागे लिहिलेले आकडे वाचून दाखवले : १०:०७, १०:१९, १०:३१, १०:४३. प्रत्येक दोन वेळांत बारा मिनिटांचे अंतर होते. तोवर मी इंटरनेट पुरवठादाराला दोष देण्याच्या तयारीत होतो, कारण सिमेंट रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडणे हे आपल्याकडे नवे नाही. पण तुटलेली तार घड्याळ पाहून तुटत नाही. बिघाड ठराविक अंतराने येत असेल, तर कुठले तरी यंत्र तो मुद्दाम घडवत आहे, असे समजून शोध सुरू करावा.

बारा मिनिटांचा बिघाड

नव्या सर्व्हरवर फेल-टू-बॅन नावाचा सुरक्षा प्रोग्राम बसवलेला होता. चुकीचा पासवर्ड वारंवार देणाऱ्या आयपी पत्त्याला तो फायरवॉलमध्ये अडवतो. त्याच्या मूळ सेटिंगनुसार दहा मिनिटांच्या आत पाच वेळा चूक झाली, की तो पत्ता दहा मिनिटे बंद होतो. जुना सर्व्हर कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर असल्यामुळे तिथे याची गरज कोणाला वाटली नव्हती. नवा सर्व्हर इंटरनेटवर उघडा असल्याने तो प्रोग्राम आवश्यकच होता, कारण अशा फोन यंत्रणेचा नेहमीचा प्रवेशमार्ग असलेला ५०६० क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवला की पासवर्ड शोधत फिरणारे अनोळखी प्रोग्राम लगेचच दार वाजवू लागतात.

हिंगण्याच्या शाखेतील साठ फोन एकाच राउटरमधून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच सार्वजनिक पत्त्यावरून, सर्व्हरकडे जात होते. त्यांपैकी एका फोनकडे जुना पासवर्ड राहिला होता. हा फोन मागच्या गेटच्या केबिनमध्ये, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या एका लहान अडॅप्टरला जोडलेला होता. केबिन फक्त कामाच्या दिवशी उघडते. चौकीदार दहाच्या सुमारास येतो आणि पंख्याचे व अडॅप्टरचे मिळून एकच बटण लावतो. शनिवारी रात्री बाकीच्या सर्व फोनना नवा पासवर्ड आपोआप पोहोचला, पण हा अडॅप्टर कोणे एके काळी हाताने भरलेला होता आणि त्या रात्री तो बंदही होता. सोमवारी तो जागा झाला, सर्व्हरचे नाव त्याला बरोबर ठाऊक होते, पासवर्ड मात्र चुकीचा होता, आणि दर वीस-पंचवीस सेकंदांनी तो प्रामाणिकपणे प्रयत्न करत राहिला. दोन मिनिटांत पाच चुका भरल्या की संपूर्ण शाखेवर दहा मिनिटांची बंदी येत असे, बंदी उठली की इतर फोन नोंदणी करून, म्हणजे सर्व्हरकडे आपली हजेरी लावून, सुरू होत, आणि तोवर अडॅप्टरच्या पुढच्या पाच चुका भरत.

या बिघाडाची आणखी एक खूण आहे. बंदी लागते त्या क्षणी एखादा कॉल सुरू असेल, तर शाखेतील माणसाला ग्राहकाचा आवाज येत राहतो, पण ग्राहकाला शाखेचा आवाज येणे थांबते, कारण फायरवॉल शाखेकडून येणारी आवाजाच्या डेटाची पाकिटे अडवतो आणि सर्व्हरकडून जाणारी अडवत नाही. "मधेच समोरच्याला माझे ऐकू येईनासे झाले" अशी तक्रार आणि सर्व फोन एकदम जाणे ही दोन्ही एकत्र दिसली, तर सर्वप्रथम बंदीची यादी उघडून पाहावी.

यावर उपाय म्हणून सुरक्षा प्रोग्रामच बंद करण्याचा मोह होतो, आणि तसे करून महिनाअखेरीस घुसखोरांनी केलेल्या परदेशी कॉलचे प्रचंड बिल पाहिलेली मंडळी या व्यवसायात आहेत. योग्य क्रम असा आहे की आधी शाखेच्या पत्त्यावरील बंदी हाताने उठवावी, मग सर्व शाखांचे सार्वजनिक पत्ते अपवादांच्या यादीत घालावेत, आणि त्यानंतर लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींतून, चूक करणारा एक्स्टेंशन क्रमांक शोधून तो फोन दुरुस्त करावा. शेवटची पायरी टाळली तर दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. शाखेचा सार्वजनिक पत्ता बदलता असेल, तर अपवादांची यादी काही दिवसांत निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी स्थिर पत्ता घ्यावा किंवा शाखा आणि डेटा सेंटर यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी, ठेवावे. एक गोष्ट लक्षात असू द्यावी, की नोंदणीच्या पहिल्या विनंतीला सर्व्हर नेहमीच ४०१ हे उत्तर देतो आणि फोन पासवर्डसह दुसरी विनंती पाठवतो. हा नेहमीचा व्यवहार आहे. बंदीचा नियम लिहिताना या पहिल्या उत्तराला चूक मानले, तर निर्दोष फोनही अडकतात.

बत्तीस सेकंदांचा बिघाड

दुसरी तक्रार इतकी नेमकी असते की तिचे निदान फोनवरच करता येते. कॉल लागतो, दोन्ही बाजूंना आवाज असतो, आणि अर्ध्या मिनिटानंतर तो कट होतो. घड्याळ लावून पाहिल्यास तो बत्तिसाव्या सेकंदाला कट होत असल्याचे दिसते.

सिप या कॉल जोडण्या-तोडण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे २००२ साली आरएफसी ३२६१ या दस्तऐवजाने निश्चित केलेल्या पद्धतीत, फोन उचलल्यावर उचलणारी बाजू "२०० ओके" असा संदेश पाठवते आणि कॉल करणाऱ्या बाजूने त्याची पोच द्यायची असते. पोच आली नाही, तर तोच संदेश आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका सेकंदाने, असा चार सेकंदांच्या अंतरापर्यंत वाढवत पुन्हा पुन्हा पाठवला जातो. अर्ध्या सेकंदाची चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद, पूर्ण झाली की पाठवणारी बाजू कॉल बंद करते. आवाजाची पाकिटे वेगळ्या वाटेने जात असल्यामुळे तोपर्यंत संभाषण नीट चाललेले असते, आणि म्हणूनच हा बिघाड लोकांना भुताटकी वाटतो.

स्थलांतरानंतर पोच हरवण्याचे बहुतेक वेळा एकच कारण असते. डेटा सेंटरमध्ये सर्व्हरला १० ने सुरू होणारा आतला पत्ता मिळालेला असतो आणि सार्वजनिक पत्ता त्याच्या पुढच्या फायरवॉलवर असतो. सर्व्हर आपल्या संदेशात संपर्कासाठी आतलाच पत्ता लिहून मोकळा होतो, आणि बिचारा फोन पोच त्या पत्त्यावर पाठवतो, जो शाखेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतली नेटवर्के स्पष्टपणे लिहिली की हे दुखणे जाते. व्हीपीएनवरून येणाऱ्या शाखांची नेटवर्के "आतली" म्हणून लिहायला विसरू नये, अन्यथा इंटरनेटवरच्या शाखा बऱ्या होतात आणि व्हीपीएनवरच्या बिघडतात. सेटिंग बरोबर असूनही कॉल कट होत असेल, तर शाखेच्या राउटरमधील सिप एएलजी ही सोय बंद करावी. ती संदेशातील पत्ते मदतीच्या भावनेने बदलते आणि जवळजवळ नेहमीच चुकीचे बदलते.

आवाज पहिल्या सेकंदापासूनच एकतर्फी असेल, तरीही चूक याच कुळातली असते. फरक इतकाच, की या वेळी चुकीचा पत्ता आवाज कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या वर्णनात लिहिला गेलेला असतो, किंवा आवाजाचे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलेले नसतात. ॲस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रणेत हे पोर्ट सहसा १०००० ते २०००० असतात, आणि सिपचा एक पोर्ट उघडून काम झाले असे समजणारा नेटवर्क अभियंता प्रत्येक डेटा सेंटरमध्ये एक तरी भेटतो.

पंधरा मिनिटे, काही मिनिटे आणि साडेपाच तास

लांब कॉल पंधरा मिनिटांच्या जवळपास, किंवा अर्धा तास भरण्याच्या थोडे आधी कट होत असतील, तर कारण सेशन टायमर हे असते. कॉल जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी दोन्ही बाजूंनी ठराविक मुदत ठरवलेली असते. ती बहुधा १८०० सेकंद असते आणि निम्मी मुदत संपल्यावर एका बाजूने नूतनीकरणाचा संदेश पाठवायचा असतो. संभाषण सुरू असताना सिपच्या वाटेवर मात्र शांतता असते, त्यामुळे नवा फायरवॉल ती वाट मध्यंतरी विसरून जातो, आणि पंधराव्या मिनिटाला टेलिकॉम कंपनीकडून आलेला संदेश त्याला आगंतुक वाटतो. टेलिकॉम कंपनी असे संदेश ज्या पत्त्यांवरून पाठवते, त्या सर्व सिग्नलिंग पत्त्यांकडून येणारी वाहतूक नियम लिहून कायमची उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. रात्रीच्या चाचणीत कोणीही पंधरा मिनिटे बोलत नाही, म्हणून हा बिघाड सापडत नाही. मी आता एक कॉल लावून रिसीव्हर टेबलावर ठेवतो आणि पस्तीस मिनिटे दुसरे काम करतो.

एखादा फोन काही मिनिटे वापरला नाही की त्यावर येणारे कॉल लागत नाहीत, आणि तिथून एक कॉल बाहेर केला की पुन्हा लागू लागतात, ही त्याच घराण्यातली धाकटी तक्रार आहे. येथे शाखेचा राउटर वाट विसरतो. लिनक्सवर आधारित राउटरमध्ये दुतर्फा चाललेल्या यूडीपी वाहतुकीची (सिपचे संदेश सहसा याच पद्धतीने जातात) आठवण साधारण दोन ते तीन मिनिटे, आणि उत्तर न आलेल्या वाहतुकीची ३० सेकंद टिकते. फोनमध्ये दर २५ सेकंदांनी जागे ठेवणारा संदेश सुरू केला की प्रश्न मिटतो.

साडेपाच तासांचा घोळ हसण्यासारखा वाटतो, पण ग्राहक गमावण्यास तो पुरेसा आहे. नवा सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल, तर सकाळी दहा वाजता त्याच्या दृष्टीने पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला "कार्यालय बंद आहे" असे दुपारी साडेतीनपर्यंत ऐकवत राहतो.

बिघाडाला कोणतेच अंतर नसेल, तो केव्हाही येत आणि जात असेल, तरच पाकिटे गहाळ होणे, लाइनवरचा ताण किंवा सैल तार यांकडे वळावे. शहर दूर आहे म्हणून आवाज बिघडला, असे मात्र घाईने म्हणू नये. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटरसाठी सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. नागपूर ते नवी मुंबई हे सुमारे आठशे किलोमीटरचे अंतर आणि तारेचा वळसा धरूनही एका दिशेचा उशीर काही मिलिसेकंदांतच राहतो, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना बाधत नाही. लाइनची क्षमता मात्र मोजून घ्यावी. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे डेटात रूपांतर करण्याच्या पद्धतीत, एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणून चाळीस कॉलसाठी साडेतीन मेगाबिट राखीव हवेत. पूर्वी कार्यालयातच फिरणारे आपापसातले कॉलही आता याच लाइनवरून जाऊन परत येतात, हे हिशेबात धरावे लागते.

पुढच्या वेळी : घड्याळे आधीच लहान करावीत

सेवा किती वेळ बंद राहणार, हे सर्व्हर हलवायला लागणाऱ्या वेळेवर फारसे अवलंबून नसते. जुना पत्ता लक्षात ठेवणारी जी जी मुदत आपण लहान करायला विसरतो, त्यांतली सर्वांत मोठी मुदत हाच बंद राहण्याचा खरा काळ असतो. फोनची नोंदणी बऱ्याचदा ३६०० सेकंदांची असते, म्हणून नुकतीच नोंदणी केलेला फोन जुना सर्व्हर गेल्याचे तासभर ओळखतच नाही. डीएनएसची, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, मुदत २४ तासांची असेल, तर नावाचा नवा पत्ता काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोहोचतो.

म्हणून बुटीबोरीच्या शाखेचे काम पुढे त्याच यंत्रणेत घ्यायचे ठरले, तेव्हा मी आठवडाभर आधी डीएनएसची मुदत ३०० सेकंदांवर आणली आणि दोन दिवस आधी नोंदणीची मुदत सर्व्हरवरूनच १२० सेकंदांवर आणली. १८० फोनसाठी हे सेकंदाला सरासरी दीड-दोन नोंदण्या इतकेच ओझे होते. काही फोन नावाचा पत्ता फक्त सुरू होतानाच विचारतात आणि मग मुदतीची पर्वा करत नाहीत; त्यांना दूरवरून रीस्टार्ट करण्याची आज्ञा तयार ठेवावी लागते. ज्यांच्यात नावाऐवजी आकडीच पत्ता भरलेला आहे, त्यांच्यापुढे कोणतीच मुदत चालत नाही. फॅक्सचा अडॅप्टर, गेटचा इंटरकॉम, लिफ्टमधला फोन ही उपकरणे यादीत सहसा नसतात. ती शोधण्यासाठी कामाच्या संपूर्ण आठवडाभराची नोंदणी यादी घ्यावी, शनिवार रात्रीची नव्हे. मागच्या गेटची केबिन अशाच यादीत सापडली असती.

टेलिकॉम कंपनीला नवा पत्ता किमान दोन आठवडे आधी लेखी कळवावा आणि काही दिवस जुना व नवा असे दोन्ही पत्ते मान्य ठेवण्यास सांगावे, कारण त्यांची पत्ता बदलणारी मंडळी शनिवारी रात्री फोनवर मिळत नाहीत. यात आणखी एक बारकावा आहे. नागपूर हे महाराष्ट्र दूरसंचार परिमंडळात येते, तर नवी मुंबई मुंबई परिमंडळात. ०७१२ चे क्रमांक दुसऱ्या परिमंडळातील सर्व्हरला जोडण्यापूर्वी कंपनीकडून रचनेला लेखी होकार घ्यावा. आम्ही ट्रंक, म्हणजे टेलिकॉम कंपनीकडून येणारी मुख्य लाइन, नागपूरच्या मुख्य कार्यालयातील लहान गेटवेवर, म्हणजे तिला यंत्रणेशी जोडणाऱ्या उपकरणावरच, ठेवली आणि केवळ सर्व्हर हलवला. त्याचा एक फायदा असा झाला, की डेटा सेंटरची लाइन गेली तरी येणारे कॉल गेटवेवरून थेट मोबाइलकडे वळवता येतात.

वेळ निवडताना रात्र म्हणजे शांतता असे मानू नये. त्या कंपनीचे ट्रक रात्रभर रस्त्यावर असतात आणि कळमन्याच्या बाजारातले फोन पहाटेच सुरू होतात. तासागणिक कॉलची संख्या काढल्यावर सर्वांत कमी कॉल रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत निघाले. मे महिन्यात त्या वेळी नागपुरात कोणी कोणाला फोन करत नाही, हे आकडे न काढताही सांगता आले असते. बुटीबोरीचे काम त्या दुपारी झाले आणि शाखेचे फोन सुमारे चार मिनिटे बंद राहिले.

मुख्य कार्यालयातला जुना सर्व्हर मी लगेच बंद केला नाही. त्याच्यावर कॉल घेणे थांबवले, पण त्याचा पत्ता चालू ठेवला आणि त्याच्याकडे कोण विनंती पाठवते याची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी अकरा उपकरणे अजून तिथेच दार ठोठावत होती, तिसऱ्या दिवशी चार उरली, आणि त्यानंतर फक्त कळमन्याच्या गोदामातील एक फॅक्स अडॅप्टर, जो हमालीच्या हिशेबासाठी आठवड्यातून एकदाच सुरू केला जात असे. तो दुरुस्त केल्यानंतर पंधरा दिवस एकही विनंती आली नाही, तेव्हा सर्व्हर बंद करून त्या खोलीतला एसी काढून नेला.